फोन घराचा, बोटे मुलांची

ऑनलाइन सुरक्षिततेवरची बहुतेक पुस्तके वाचताना डोळ्यांसमोर एक ठरावीक मूल उभे राहते. त्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, स्वतःचे खाते आणि स्वतःचा पासवर्ड आहे. आईवडील शेजारच्या खोलीत आहेत आणि फोनमध्ये काय चालले आहे हे त्यांनाही बऱ्यापैकी कळते. या मुलाला सांगायचे असते ते एवढेच: पासवर्ड कोणाला देऊ नकोस, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, काही खटकले तर मोठ्यांना सांग. सल्ला चुकीचा नाही. पण सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या शाळेत तो फळ्यावर लिहिला की जवळजवळ प्रत्येक शब्दाशी अडखळायला होते. फोन वडिलांचा असतो, नाहीतर मोठ्या भावाचा. पासवर्ड घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो, कारण तो ठाऊक नसेल तर फोन वापरायचा कसा? आणि ज्या मोठ्यांना सांगायचे, तेच काही अडले की मुलाला हाक मारतात. पुढचे धडे या दुसऱ्या मुलासाठी, गोंदिया जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या हाती देण्यासाठी लिहिले आहेत. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. इथे ऑनलाइन सुरक्षितता हा एकेका मुलाने स्वतःपुरते वाचण्याचा विषय म्हणून शिकवून भागणार नाही. घराने आणि वर्गाने एकमेकांना सांभाळण्याचा तो विषय आहे, आणि म्हणूनच तो वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याकडे न सोपवता वर्गशिक्षकाने वर्षभर शिकवायला हवा.

फोन मुलाचा नसतो, हे आकड्यांतही दिसते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यात १४ ते १६ वयोगटातल्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. मात्र वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. म्हणजे तीनातली दोन मुले दुसऱ्याच्या फोनवर वावरतात, आणि मुलींच्या बाबतीत हे प्रमाण आणखी मोठे आहे. आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही केले असे सांगणारे ५७ टक्के, समाजमाध्यमे पाहिली असे सांगणारे ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक कसे करायचे किंवा त्याची तक्रार कशी नोंदवायची हे ६२ टक्क्यांना माहीत होते, पासवर्ड बदलणे सुमारे ५८ टक्क्यांना आणि प्रोफाइल खासगी करणे ५५ टक्क्यांना. हे आकडे देशाच्या ग्रामीण भागाचे आहेत, एकट्या गोंदियाचे नाहीत. पण बहुतांश ग्रामीण असलेल्या या जिल्ह्याचे चित्र फार वेगळे असेल असे मानायला आधार नाही. यातली कौशल्याची उणीव लवकर भरून निघते; ब्लॉक कसे करायचे हे एका तासिकेत शिकवता येते. अवघड आहे तो मालकीचा आकडा. वडिलांच्या नावावरचे खाते मुलाने खासगी करायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर एका बटणात सापडत नाही.

आता जिल्ह्याकडे पाहू. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानावर जगतो. धान आधारभूत भावाने विकायचे तर सातबारा घेऊन ऑनलाइन नोंदणी करावी लागते. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाइलने पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी आधार क्रमांक आणि ओटीपी लागतो, गॅस सिलिंडरला लागतो, शिष्यवृत्तीला लागतो. ही कामे घरात कोण करते? सेतू केंद्रावर रांग असेल आणि दिवसाची मजुरी बुडवायची नसेल, तर नववीतली मुलगी करते. इंग्रजी अक्षरे तिला वाचता येतात, आईला येत नाहीत. कोणीही रीतसर नेमलेले नसताना ती घराची कारकून झालेली असते. आईच्या बँक खात्याशी जोडलेला क्रमांक तिच्या हातात, आलेला ओटीपी वाचून सांगणारीही तीच. अलीकडच्या काळात लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनदंडाच्या नावाने एपीके फाइल पाठवून फोनचा ताबा घेण्याचे प्रकार राज्यात सर्रास होऊ लागले आणि योजनांच्या नावाची बनावट संकेतस्थळेही निघाली. अशा फाइलवर बोट पडले तर जाते ते घराचे. मुलाला केवळ संभाव्य बळी समजून दिलेले शिक्षण इथे तोकडे पडते, कारण ते मूल घराचा दरवाजा सांभाळत असते. त्याला घाबरवून सोडले तर हा दरवाजा बेभरवशाच्या हातात राहतो. त्याला शहाणे केले तर त्याच दरवाजामागची आजी, आई आणि मजुरीला परगावी गेलेला बापही सुरक्षित होतो.

असे शहाणपण वर्गात देता येते का, याबद्दल शंका घेणाऱ्यांकडे एक भक्कम पुरावा आहे आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये एक प्रयोग केला. हजाराहून अधिक प्रौढ त्यात होते आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना घरी जाऊन सुमारे तासभर समजावले गेले: खोटी बातमी कशी ओळखावी, फोटो जुना आहे की नवा हे कसे तपासावे. परिणाम जवळजवळ शून्य. काही राजकीय समर्थकांच्या बाबतीत तर आपल्या पक्षाला सोयीची खोटी बातमी ओळखण्याची क्षमता आणखी कमी झाली. एवढ्यावर थांबले असते तर काखा वर करायला निमित्त मिळाले असते. पण पुढे त्याच राज्यात, सरकारी यंत्रणेच्या सहकार्याने, बद्रीनाथन आणि सहकाऱ्यांनी दुसरा प्रयोग केला. या वेळी आठवी ते बारावीची मुले घेतली, ५८३ गावांतली साडेतेरा हजारांहून अधिक. एका तासाऐवजी ठरावीक अंतराने चार सत्रे, वर्गासारखी, एकत्र बसून. मुले खरेखोटे पारखण्यात स्पष्टपणे सुधारली. चार महिन्यांनी पुन्हा विचारले तेव्हाही ती सुधारणा टिकून होती आणि न शिकवलेल्या राजकीय विषयांतही ती दिसत होती. सर्वांत लक्षात ठेवण्याजोगे हे, की न शिकलेल्या आईवडिलांमध्येही फरक पडला, कारण मुलांनी घरी जाऊन सांगितले.

दोन प्रयोगांत राज्य तेच. वय, मुदत आणि सोबत बदलली, आणि निष्कर्ष उलटला. एकट्याने ऐकलेला उपदेश विरून जातो. सोबत्यांबरोबर पुन्हा पुन्हा हाताळलेली गोष्ट सवय बनते. आपल्या शाळांत मात्र आजवर पहिलाच प्रयोग गिरवला जातो. सायबर शाखेचे अधिकारी येतात, सभागृहात तीनशे मुले बसतात, कार्यक्रमाचे फोटो निघतात आणि मुले घरी जातात. अधिकाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि गुन्ह्याची खरी उदाहरणे त्यांच्याचकडे असतात, त्यामुळे त्यांनी येऊच नये असे कोणी म्हणणार नाही. पण त्या भाषणानंतर एखाद्या मुलीला काही विचारायचे असेल तर ती तीनशेंसमोर हात वर करणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते साहेब शाळेत नसतात. वर्गशिक्षक असतो. केरळच्या कण्णूर जिल्ह्यात २०१८ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग झाले, तेव्हाही जागा सभागृहाऐवजी वर्गच होती.

ऑनलाइन कसे वागावे हे सांगताना ‘सुरक्षित’ आणि ‘सन्मानाने’ असे दोन शब्द जोडीने येतात, आणि वाचणारा दुसऱ्याला शोभेचा समजून पुढे जातो. माझ्या मते पहिला शब्द दुसऱ्यावर उभा आहे. एका विद्यार्थिनीची सुरक्षितता बहुतेक वेळा तिच्या हातात नसते. तिचा फोटो ज्याच्याकडे आहे त्याच्या हातात असते. जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम महिलांचे फोटो त्यांच्या नकळत घेऊन त्यांचा ‘लिलाव’ मांडणाऱ्या ‘बुल्ली बाई’ ॲपचे प्रकरण मुंबई पोलिसांकडे आले. त्या महिलांनी कोणता पासवर्ड दुबळा ठेवला होता? कोणताच नाही. त्यांनी सुरक्षिततेचे सगळे नियम पाळले असते तरी हे घडलेच असते. आणि ज्यांना अटक झाली त्यांत विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते, एक तर अठरा वर्षांची मुलगी. तंत्रज्ञान त्यांना उत्तम येत होते. कमी पडले होते ते वेगळेच काही, जे आपण संगणकाच्या तासाला शिकवत नाही आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला फोनशी जोडत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कोणाचाही चेहरा कोणत्याही शरीराला चिकटवता येतो, तेव्हा ‘फोटो टाकू नकोस’ हा मुलींना दिलेला सल्ला आणखीच निरुपयोगी झाला आहे. दहावीच्या निरोप समारंभाचा एक सामूहिक फोटो त्यासाठी पुरतो. सल्ला द्यायचा तर तो मुलग्यांनाही द्यावा लागेल, आणि वेगळा.

दुसऱ्याची सुरक्षितता आपल्या हातात असते ती फोटोंपुरतीच नाही. धुळे जिल्ह्यातले राईनपाडा आठवावे. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेने तिथे जमाव जमला आणि भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारण्यात आले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ही मर्यादा उपयोगी आहे, पण पाच ठिकाणेही थोडी नसतात. संदेश पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला आपण गावाला सावध करतो आहोत असेच वाटत असावे. गोंदियासारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात, जिथे बालाघाटकडून आणि छत्तीसगडकडून फेरीवाले, बहुरूपी आणि मजूर सतत येत-जात असतात, तिथे अनोळखी माणूस ही रोजची गोष्ट आहे. त्याच्याबद्दलचा एक फोटो आणि दोन ओळी किती भारी पडू शकतात, हे इथल्या मुलाला दहावीच्या आत कळलेले बरे.

सन्मानाच्या शिकवणुकीवर एक आक्षेप मात्र मी स्वतःच घेईन. शाळेत ‘सन्मान’ शिकवायला घेतला की त्याचे ‘मोठ्यांपुढे गप्प बसणे’ व्हायला वेळ लागत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक मजकुरासाठी अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई का बंद ठेवावी, एवढाच त्यातला प्रश्न होता; एकीने तो लिहिला आणि दुसरीने तो आवडल्याचे बटण दाबले. त्या प्रकरणातून सुरू झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. हा इतिहास या विषयाच्या प्रत्येक वर्गात सांगायला हवा. सरपंचाने रस्ता का केला नाही हे गावाच्या गटात विचारणे अनादर नव्हे. वर्गातल्या एखाद्याच्या बोलीची किंवा जातीची टिंगल करणारे मीम पाठवणे हा अनादर आहे. जो आपल्यापेक्षा दुबळा आहे किंवा जो तिथे उत्तर द्यायला हजर नाही, त्याच्याशी कसे वागायचे हा खरा धडा. सत्तेवर असलेल्यांना शाळेच्या संरक्षणाची गरज नसते.

आणि हे धडे देणाऱ्यांनी आपल्या फोनकडेही पाहावे. शाळेत झालेल्या प्रत्येक उपक्रमाचा फोटो वर पाठवावा लागतो: पोषण आहाराचा, वृक्षारोपणाचा, प्रभातफेरीचा. मग तोच फोटो गटात जातो, कोणाच्या तरी स्टेटसवर जातो. गणवेश फाटलेले मूल, वाटप घेताना मान खाली घातलेली मुलगी, सगळे त्यात येते. फोटो काढू का, असे त्या मुलांना कोण विचारते? वरिष्ठांच्या आदेशापुढे शिक्षक हतबल असतो हे खरे, पण स्टेटसचा आदेश वरून येत नाही. मुलांना परवानगी विचारण्याची सवय लावायची असेल तर ती त्यांच्याकडे आधी कोणीतरी मागितलेली असली पाहिजे.

पुढचा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे: शिकवायचे कशाला, फोनच काढून घ्या. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी घातली आणि १० डिसेंबर २०२५ पासून ती अमलात आली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून वेगळी वाट धरली: संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. दोन्हींना लोक ‘बंदी’ म्हणतात, पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. वडगावात फोन मोठ्यांनीही बाजूला ठेवायचा असतो, ठरावीक वेळेसाठी, आणि सगळ्या गावाने मिळून. हे मला मान्य आहे, गोंदियातल्या ग्रामसभांनी त्याचा विचार जरूर करावा. मात्र उरलेल्या वेळेत फोनवर काय करायचे, हे भोंगा सांगत नाही. आणि ऑस्ट्रेलियासारखी वयाची बंदी इथे कशी चालणार, जिथे खाते वडिलांच्या नावाचे आणि वय पंचेचाळीस? भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, मुलांवर पाळत ठेवू नये आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली गेली. कायदा चांगला आहे. फक्त संमतीचा ओटीपी ज्या फोनवर येणार, तो त्या वेळी त्याच मुलाच्या हातात असणार.

मुलींच्या बाबतीत बंदीचा परिणाम उलटा होतो, आणि हा या पुस्तिकेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. एखाद्या मुलीला कोणी घाणेरडा संदेश पाठवला, फोटोवरून धमकावले, तर ती घरी का सांगत नाही? कारण पुढे काय होणार ते तिला पक्के ठाऊक असते. फोन जाईल. फोन गेला तर शिकवणीचा गट गेला, मैत्रिणी गेल्या. कदाचित शाळाही जाईल, बारावीनंतर गोंदियाला कॉलेजात पाठवायचे की नाही हा प्रश्न आधीच घरात लोंबकळत असतो. म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला. धमकावणाऱ्याला हे गणित तिच्याइतकेच चांगले समजते. त्याची सगळी ताकद तिच्या या भीतीत असते. म्हणून पालकसभेत सांगायची पहिली गोष्ट ‘मुलांवर लक्ष ठेवा’ ही नसावी. ‘मुलीने सांगितले तर फोन काढून घेणार नाही, असा शब्द आज तिला द्या’ ही असावी. पुढच्या धड्यांत पालकांसाठी जो भाग आहे तो याच शब्दाभोवती बांधला आहे, आणि मुख्याध्यापकांनी तो वगळू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शिक्षकांनाही इथे कायद्याची जाण हवी, कारण ‘आपसात मिटवू’ ही आपली जुनी सवय इथे गुन्हा ठरते. अठरा वर्षांखालील मुलाचे लैंगिक स्वरूपाचे चित्र बनवणे, पाठवणे, एवढेच काय जमवून ठेवणेही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली येते. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर्गातल्या मुलाने वर्गमैत्रिणीचा असा फोटो ‘गंमत’ म्हणून पुढे पाठवला तरी कायद्याच्या नजरेत ती गंमत राहत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणीही ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि संस्थाप्रमुखाने ती दडवली तर त्यालाच शिक्षा आहे. त्याच कायद्याने मुलीची ओळख उघड करण्यालाही मनाई केली आहे, हे स्टाफरूममध्ये विशेष लक्षात ठेवावे.

फसणाऱ्या मुलांबद्दल सगळेच बोलतात. फसवणुकीचे साधन बनणाऱ्यांबद्दल कमी. जुलै २०२३ मध्ये गोंदिया शहराचे नाव देशभरच्या बातम्यांत आले ते ऑनलाइन जुगारामुळे. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली आणि नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर टाकलेल्या छाप्यात १० कोटींहून अधिक रोकड आणि सोने सापडले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. शिक्षकाच्या कामाचा भाग निराळा आहे: एवढ्या मोठ्या जुगाराची बातमी जिथे चहाच्या टपरीवर कौतुकाच्या सुरात सांगितली जाते, तिथे अकरावीतल्या मुलाला क्रिकेटवर पन्नास रुपये लावणे खेळच वाटणार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण असे धंदे आणि फसवणुकीच्या टोळ्या पैसा फिरवायला दुसऱ्यांची बँक खाती शोधतात, आणि शिष्यवृत्तीसाठी उघडलेले विद्यार्थ्याचे खाते त्यांना सोयीचे पडते. पाच हजार घे, खाते आणि एटीएम कार्ड दे, एवढाच व्यवहार. पुढे खाते गोठते, नोटीस येते आणि अठरा वर्षांचा मुलगा आरोपी होतो. हा धडा बारावीपर्यंत थांबवून चालणार नाही. ज्या वर्षी खाते उघडले त्याच वर्षी तो दिला पाहिजे.

भाषेचा मुद्दा थोडक्यात. गोंदियाच्या बाजारात हिंदी मराठीइतकीच घरची आहे. घरोघरी पोवारी, गोंडी, हलबी, छत्तीसगढी, झाडीबोली ऐकू येते. सातारा-सांगलीकडे हिंदीत बोलणारा ‘बँक अधिकारी’ थोडा परका वाटत असेल. इथे तो वाटत नाही. पोलीस असल्याचे भासवून फोनवरच अटकेची भीती घालणारी ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी हिंदीतच येते आणि अडथळ्याविना पोहोचते. उलट बचावाची सगळी माहिती एक तर इंग्रजीत, नाहीतर कार्यालयीन मराठीत. शिक्षकांनी पुढचे धडे जसेच्या तसे वाचून दाखवण्याऐवजी वर्गाच्या बोलीत सांगावेत आणि मुलांकडून आपापल्या बोलीत एक-एक सूचना लिहून घ्यावी. आश्रमशाळांमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांच्या हाती सत्रभर सहसा फोन नसतो. सुट्टीत घरी गेली की एकदम मिळतो, आणि तोही मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, जेव्हा घरातली मोठी माणसे पहाटेच जंगलात गेलेली असतात. त्यांच्यासाठी हे धडे एप्रिलच्या आत संपले पाहिजेत.

दोन आक्षेप राहतात आणि दोन्ही शिक्षकांचे आहेत. एक, आम्हालाच यातले फारसे येत नाही. खरे आहे, पण या विषयात शिक्षकाने मुलांपेक्षा जास्त ॲप जाणण्याची गरज नसते. रीलवर संगीत कसे चढवायचे हे मूल शिकवील. त्या रीलमध्ये जिची नक्कल केली आहे तिला काय वाटेल, हा प्रश्न शिक्षकाने विचारायचा, आणि तो विचारायला बी.एड. पुरेसे आहे. दोन, आधीच कामाचा डोंगर आहे, मुलांना वाचता येत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? या तक्रारीत तथ्य आहे आणि नवा विषय, नवी वही, नवा अहवाल मागणाऱ्या कोणत्याही योजनेला मी विरोधच करीन. पण बनावट संदेशाची भाषा तपासणे हा मराठीचाच धडा आहे; घाईत लिहिलेले वाक्य, चुकलेले शुद्धलेखन, ‘आजच शेवटची तारीख’ ही धमकी, हे वाचनकौशल्य नाही तर काय? व्याजाचे आमिष हे गणित आहे, अफवा नागरिकशास्त्र आहे. पंधरवड्याला अर्धा तास, चालू विषयाच्या आतच, एवढेच हे धडे मागतात. सेतू केंद्र चालवणाऱ्या तरुणाला एखाद्या तासाला वर्गात बोलावता आले तर फार चांगले. गावात रोज कोणत्या चुका होतात हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने फोन करायचा, जितक्या लवकर तितकी रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता जास्त. मूल अडचणीत असेल तर १०९८. हे दोन क्रमांक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर असावेत आणि आईवडिलांच्या फोनमध्ये मुलांनीच साठवून द्यावेत. या पुस्तिकेच्या आतल्या मुखपृष्ठावर त्यांच्याखाली एक ओळ कोरी सोडली आहे. शाळेतल्या ज्या शिक्षकाकडे मूल न घाबरता येऊ शकते, त्याचे नाव तिथे लिहायचे आहे. मुली शिकत असतील तर एक नाव शिक्षिकेचे हवेच, आणि शाळेत शिक्षिका नसेल तर अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारून त्यांचे घालावे. नाव मुख्याध्यापकांनी परस्पर ठरवू नये. चिठ्ठ्या टाकून मुलांकडून ते मागवावे, आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती ओळ भरावी.